पानं मांडायच्या आत

“हे कुणाला खरं वाटणार नाही,” मी म्हणालो, “आणि वाटलंच, तर माझ्या सांगण्यात काहीतरी कमी पडलं असं समजायचं.”

जावईबापूंनी मान वर केली नाही. त्यांची नवी गाडी आमच्या अंगणात बॉनेट वर करून उभी होती आणि तिची दाढ दुखत असल्यासारखे ते तिच्या तोंडात वाकून बघत होते. जेवणं झाली होती, बॅगा डिकीत भरून झाल्या होत्या, आणि बटण दाबलं तर गाडी नुसती डोळे मिचकावत होती. सांगलीहून कंपनीचा माणूस निघाला होता. तो येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, असा त्यांना फोनवर हुकूम झाला होता.

“धैर्यशीलराव, सोडा तो नाद. या, इथं ओट्यावर बसा,” मी म्हणालो. “गाडी सुरू न झाल्यानं माणसाचं किती भलं होतं ते सांगतो. माझं लग्नच त्यामुळं झालं.”

“आलं का हे,” आमची लेक वैजू म्हणाली. ती आणि तिची आई ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सूप मध्ये घेऊन शेंगा फोडत होत्या. आमची ही, म्हणजे हौसाबाई, मान खाली घालून कामात. शेंग फोडायची, दाणा सुपात, टरफल मागं. माझी गोष्ट ऐकताना तिचा हात कधी थांबलेला मी बघितलेला नाही.

जावईबापू येऊन बसले. मी पानाचा देठ खुडला.

तर तेव्हा मी गुलाबमामाकडं होतो. गुलाबमामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. माझे वडील लवकर गेले, त्यामुळं मला वाढवलं मामानं, कामाला लावलं मामानं आपल्याच गुऱ्हाळावर, आणि लग्न लावणारही मामाच. मामाच्या मिशा अशा होत्या की तो बैलगाडीतून जाताना समोरची गाडी कडेला थांबायची, दोन्हीकडच्या टोकांना जागा लागते म्हणून.

“दादा,” वैजू म्हणाली.

बरं, मिशा राहू दे. मामाकडं एक मोटार होती. माझ्यापेक्षा थोडीच लहान. कुठल्यातरी संस्थानच्या दिवाणानं वापरून टाकलेली, तिथनं एका डॉक्टरनं वापरून टाकलेली, आणि मग मामानं घेतलेली. गाव तिला मैना म्हणायचं. स्टार्टर कधीच गेलेला. पुढच्या बाजूला लोखंडी हँडल खुपसून गरागरा फिरवायचं, तेव्हा ती जागी व्हायची. तिचा आवाज पुढच्या वळणावर आधी पोचायचा आणि ती मागनं यायची. ओढा लागला की म्हशीगत थांबायची. पण मामाचा तिच्यावर जीव. “माझी मैना मला कधी वाटेत टाकणार न्हाई,” असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

त्या मैनेतनं मामा आणि मी नागझरवाडीला मुलगी बघायला गेलो.

आता इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. मामाला ती मुलगी करायचीच नव्हती. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका बड्या बागाईतदाराला त्यानं माझ्याविषयी तोंडी शब्द देऊन ठेवला होता. नागझरवाडीला यायचं ते फक्त मध्यस्थी करणाऱ्या जुन्या मित्राचं मन राखायला. वाटेत मला सांगून ठेवलं, “जालिंदर, पोहं खायचं, चहा प्यायचा, कळवतो म्हणायचं आन् उठायचं. पोरीकडं फार बघू नगंस. बघून मग उगंच जिवाला घोर.”

मी म्हटलं, “व्हय मामा.” मामाला मी दुसरं काही म्हणत नसे.

आणि दुसरी गोष्ट. आमच्या भागात तेव्हा मुलगी बघायला गेलं की पोहे-चहा चालायचा, जेवण नाही. ज्या घरची पोरगी करायचं नक्की नाही, तिथं पाटावर बसायचं नाही. एकदा पानं मांडली आणि नवऱ्याकडचा माणूस जेवायला बसला की पसंती झाली. मग शब्द फिरवला तर सगळ्या भाऊकीत तोंड लपवत हिंडायची पाळी. आणि उलट बाजूनं बघाल, तर दुपार झाली असताना दारातला पाहुणा उपाशी राहिला, तर त्या घराची मान खाली. म्हणजे पाहुण्यानं दुपार व्हायच्या आत निघायचं आणि घरच्यांनी त्याला आनंदानं निघू द्यायचं, अशी सगळी चोख व्यवस्था होती. त्यात गाडी बंद पडली तर काय करायचं, हे कुणी ठरवून ठेवलं नव्हतं.

“म्हणजे जेवलं की संपलं?” धैर्यशीलरावांनी विचारलं. त्यांचा एक डोळा अजून बॉनेटकडं होता.

“संपलं म्हणा, सुरू झालं म्हणा. ज्याची त्याची नजर.”

हौसाबाईनं एक शेंग जरा जोरात फोडली.

तर आम्ही गेलो. मुलीचे वडील आकारामआण्णा पूर्वी मिलिटरीत ड्रायव्हर. ताठ माणूस. अंगणात सडा टाकलेला, बैल आंघोळ घातल्यासारखे दिसत होते. आण्णांची विधवा बहीण तानुआत्या त्या घरची खरी कारभारीण. आण्णांची बायको नव्हती, त्यामुळं पोरगी आत्याच्या हाताखाली वाढलेली. आम्ही आत घोंगडीवर बसलो. पोहे आले. पोहे घेऊन ही आली.

मी काय सांगू. मामानं बघू नको म्हणून सांगितलेलं, पण मी बघितलं. अहो, मान वर केली आणि ती खाली येईना. हिरवं लुगडं, नाकात चमकी, हातात पोह्यांची ताटली आणि चेहऱ्यावर असं तेज की माझ्या ताटलीतल्या पोह्यांची वाफ पुन्हा निघायला लागली. मी मनात म्हटलं, जालिंदर, ह्या घरनं आज उठायचं नाही.

“पोहे गारच होते,” हौसाबाई म्हणाली. “तुम्ही उशिरा आला होता.”

“बघा, तिलाही आठवतंय.”

मामानं दोन प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली नाहीत, चहा बशीत ओतून एका घोटात संपवला आणि उठला. “कळवतो,” म्हणाला. आण्णांचा चेहरा पडला. त्यांनी तो शब्द आधीही ऐकलेला असावा. आम्ही मैनेकडं आलो. मामा आत बसला, मी हँडल खुपसलं आणि फिरवलं.

काही नाही.

पुन्हा फिरवलं. नुसता सुस्कारा. पुन्हा. मामा आतनं म्हणाला, “जेवला न्हाईस काय रे सकाळी? नीट मार.”

मी नीट मारलं. आता ऐका. हँडल असं उलटं फिरलं, असा झटका दिला, की मी उडालो तो थेट कडब्याच्या गंजीवर. तिथं एक कोंबडी अंड्यांवर खुडूक बसलेली. ती दचकून उठली, मला नीट बघितलं आणि पुन्हा माझ्यावरच बसली.

“शेळी होती,” हौसाबाई म्हणाली.

“शेळी खुडूक बसत नाही.”

“गंजीवर शेळी चढलेली होती आन् तुम्ही उडाला न्हवता. घसरून बसला होता.”

“बघा जावईबापू, शेळीपर्यंत खरं आहे हे तिलाही मान्य आहे.”

मग मामा खाली उतरला. त्यानं टोपी काढून सीटवर ठेवली. मामानं टोपी काढली म्हणजे प्रकरण गंभीर. त्यानं सूर्याकडं बघितलं, मग माजघराच्या दाराकडं बघितलं. दारात तानुआत्या उभी होती, हात कमरेवर.

“पाव्हणं,” आत्या म्हणाली, “ऊन तापाय लागलंय. घटकाभर सावलीला बसा. दोन घास खाऊन घ्या.”

“न्हाई, न्हाई. हे काय, झालीच सुरू,” मामा म्हणाला आणि माझ्याकडं वळून दातओठ खात पुटपुटला, “जालू, आत्या पानं मांडायच्या आत ही गाडी फाटकातनं भाईर गेली पायजे. न्हाईतर मी खोऱ्यात काय सांगू?”

“व्हय मामा.”

पहिलं पेट्रोल बघितलं. टाकीत काठी घातली, ओली निघाली. मामा म्हणाला, पेट्रोल हाय पण वर चढत नसंल, नळी ओढून बघ. मी नळी तोंडात धरली आणि अशी ओढली की टाकीतलं निम्मं माझ्या पोटात. संध्याकाळपर्यंत मला ढेकर आला की अंगणातले विडीवाले विडी विझवत होते. तर पेट्रोल व्यवस्थित चढत होतं.

दुसरं, प्लग. चारही काढले. काळे पडलेले. मामा म्हणाला, भाजून काढ. आता भाजायचे कुठं? तर चुलीवर. आणि चुलीपाशी कोण? तानुआत्या. मी प्लग घेऊन गेलो, म्हटलं, आत्या, जरा एवढे तव्यावर टाका. आत्यानं चारही प्लग तव्यावर मांडले, उलथन्यानं असे खरपूस परतले, वर विचारलं, “तेल लावू का जरासं?” तोवर चुलीच्या दुसऱ्या बाजूला मला पातेलं दिसलं. डाळ शिजत होती. हरभऱ्याची. त्यात गूळ पडला की पुरण होणार हे न कळायला मी काही दूधपिता नव्हतो. अहो, पोहे देऊन पाठवायच्या पाहुण्याला कुणी पुरण घालत नाही.

मी बाहेर येऊन मामाला सांगितलं, “मामा, आत पुरण शिजतंय.”

मामाच्या मिशा खाली आल्या. “किती शिजलंय?”

“डाळ मऊ झालीय.”

“मग हात उचल.”

प्लग बसवले. हँडल मारलं. प्लग काढून बॉनेटला टेकवून हँडल मारलं, ठिणगी पडते का बघायला. नाही पडली. बॅटरीच्या तारा सोडल्या, घासल्या, लावल्या. हॉर्न वाजत होता, दिवे लागत होते. म्हणजे बॅटरी जिवंत, पेट्रोल जिवंत, प्लग तर चांगले खमंग, आणि गाडी मेलेली. मामा तिच्याभोवती फिरत होता. आधी तिला समजावलं, मग शिव्या दिल्या, मग मला दिल्या.

आकारामआण्णा एवढा वेळ खांबाला टेकून गप्प उभे. मिलिटरीतला ड्रायव्हर, पण हाताची घडी सोडत नव्हता. मामानं शेवटी विचारलं, “आण्णा, तुम्ही एवढ्या गाड्या हाणल्या. काय असंल हो?”

आण्णा म्हणाले, “पाव्हण्याच्या गाडीला मी हात लावणं बरं दिसणार न्हाई. तुम्ही म्हणाल, मुद्दाम बिघडवली.”

“गाडी ढकलून सुरू होईल,” मामा म्हणाला. “वाडीतली चार माणसं बोलवा.”

चार कशाला, सगळी भाऊकी आली. आता इथं मात्र माझ्यावर विश्वास ठेवा. मामा आत बसला, गिअर टाकला, म्हणाला, हाणा. आणि सगळ्यांनी जोर लावला. मान खाली, पाय रोवलेले, घाम टपकतोय, धुरळा उडतोय, आणि गाडी तसूभर हलेना. मला कळेना. मी वाकून पुढं बघितलं तर निम्मी भाऊकी मागनं ढकलत होती आणि निम्मी पुढनं.

धैर्यशीलराव हसले. दुपारपासून पहिल्यांदा.

“हसू नका. त्या माणसांना पोरगी उजवायची होती. एकजण पुढनं ढकलता ढकलता मला विचारतोय, ‘पाव्हणं, कारखान्याला ऊस किती जातो?’ म्हणजे बघा, आमची चौकशी तशीच चालू. मामानं बैल जुंपायला सांगितले. बैल जुंपले. बैलांनी गाडी ओढली ती फाटकाकडं नाही, गोठ्याकडं. त्यांना तेवढीच वाट माहीत. मैना गव्हाणीपाशी जाऊन उभी राहिली आणि बाजूच्या म्हशीनं तिच्यापुढं थोडी वैरण सरकवली.”

“म्हस त्या साली न्हवती आमच्यात,” हौसाबाई म्हणाली.

“मग बैलानं सरकवली.”

“दादा, पण झालं काय होतं गाडीला?” वैजू म्हणाली. “मागल्या खेपेला तुम्ही सांगितलं होतं, उंदरानं वायर खाल्ली होती. त्याच्या आधी पेट्रोलात बेडूक होता.”

“उंदीर आणि बेडूक परक्या माणसांसाठी. आज जावई बसलेत. आज खरं सांगतो.”

मी पान तोंडात टाकलं, जरा चघळलं. गोष्टीत अशा ठिकाणी घाई करायची नसते.

“गाडी मीच बंद पाडली होती,” मी म्हणालो.

वैजूचा हात शेंगेवर थांबला. धैर्यशीलरावांनी पहिल्यांदा गाडीकडं पाठ केली.

“तुम्ही?”

मी. सांगतो कसं. पोहे खाताना आकारामआण्णा मिलिटरीतल्या गोष्टी सांगत होते. म्हणाले, आम्ही जंगलात गाडी सोडून जाताना कुलूप लावत नसू. इंजिनावर ती काळी टोपी असते, जिच्यातनं चारही प्लगला जाड वायरी जातात, त्या टोपीखाली बोटभर लांबीचा एक तुकडा फिरत असतो. रोटर म्हणतात. तो काढून खिशात घालायचा. मग दुश्मनानं रात्रभर हँडल मारलं तरी गाडी जागची हलत नाही. पेट्रोल आहे, बॅटरी आहे, पण ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नाही. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. मामा चहा बशीत ओतत होता, तेवढ्यात मी पान थुंकायच्या निमित्तानं बाहेर आलो, बॉनेट उचललं, टोपी काढली, रोटर खिशात, टोपी पुन्हा जागेवर. आणि येऊन निवांत बसलो.

मग पुढं सगळं नाटक. मामा म्हणतोय हँडल मार, मी मारतोय. मामा म्हणतोय प्लग बघ, मी बघतोय. फक्त त्या टोपीकडं मामाचं लक्ष जाऊ द्यायचं नाही एवढंच माझं काम. मधे एकदा पाणी घेऊन ही बाहेर आली, तेव्हा मी हिच्याकडं बघून हळूच डोळा मारला. हिनंही ओळखलं. लाजली आणि आत पळाली.

हौसाबाई शेंगा फोडतच होती, पण टरफलं आता मागं न पडता सुपातच पडायला लागली होती. मी ते बघितलं, पण तेव्हा गोष्ट अशा रंगात आलेली की थांबणं शक्य नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं. पुरणाचा वास अंगणात आला. त्याच्यामागनं कटाच्या आमटीची फोडणी आली. मामा सकाळी लवकर निघालेला, पोटात पोहेच. मी बघतोय, वास आला की मामाच्या मिशा नुसत्या थरथरायच्या. तरी माणूस जिद्दीचा. म्हणाला, चालत जाऊ. मी म्हटलं, मामा, गाडी पोरीच्या दारात सोडून चालत गेलात, तर अख्खं खोरं म्हणेल गुलाबरावांनी आंदण आधीच पोच केलं. मामा पुन्हा खाली बसला.

मग तानुआत्या आली. हातात पळी. म्हणाली, “पाव्हणं, गाडी उपाशी हाय म्हणून तुमी बी ऱ्हाणार? तिला इंजान हाय, तुमाला न्हाई.”

मामा म्हणाला, “मी जेवणार न्हाई. आमटी तेवढी चाखतो. उभ्यानं.”

“चाखा की,” आत्या म्हणाली. “पर उभ्यानं चाखली तर अंगावर सांडतीया. जरा टेका पाटावर.”

मामा पाटावर टेकला. पुढं पान होतंच. त्या माणसानं आमटी चाखता चाखता एवढ्या पोळ्या खाल्ल्या की शेवटी आत्याच म्हणाली, पुरण संपलं. मामानं हात धुतला, मिशा पुसल्या, बराच वेळ पाण्याच्या तांब्याकडं बघत बसला. मग आकारामआण्णांना म्हणाला, “तारीख तुम्हीच काढा.”

सुपारी फोडायची गडबड चाललेली, तेवढ्यात मी गोठ्याकडं गेलो, रोटर खिशातनं काढला, टोपीखाली बसवला. मामा आला, म्हणाला, जरा मारून बघ. मी मारलं, आणि मैना पहिल्या हँडलला अशी गरजली की गव्हाणीवरचे बैल दावं तोडून ओढ्यापलीकडं गेले. मामा म्हणाला, “बघ, हिलाच सोयरीक करायची होती.” तर जावईबापू, माझं लग्न मी असं स्वतःच्या हातानं जमवलं. मामाच्या नाकाखालून. एका बोटभर तुकड्यावर.

मी मागं टेकलो. जावईबापू काहीतरी छान बोलणार होते, तोंड उघडलंही होतं.

“खोटं हाय,” हौसाबाई म्हणाली.

“कोंबडीचं मान्य केलं की मी.”

“कोंबडीचं न्हवं. रोटर तुम्ही काढलेला न्हाई.”

तिनं सूप बाजूला ठेवलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“आण्णांनी ती मिलिटरीतली गोष्ट तुम्हाला पोहं खाताना सांगितली न्हाई. त्या दिवशी पोह्यांपाशी आण्णांनी तोंड उघडलंच न्हाई, मामांनी उघडू दिलं न्हाई. ते तुम्हाला सांगितलं लग्नानंतर, दुसऱ्या दिवाळीला, ह्याच ओट्यावर बसून. मी चहा घेऊन आलेले.”

“अगं, गोष्टीत जरा पुढंमागं...”

“आन् तुम्ही डोळा मारला न्हवता. तुमच्या डोळ्यात घाम गेला होता. आन् नाटक करणाऱ्याचं हात फुटत न्हाईत. तुमच्या दोन्ही तळव्यांना फोड आलं, ते फुटलं, हँडलला रक्त लागलं. तुम्ही डोक्याचा रुमाल हाताला गुंडाळला आन् पुन्हा हँडल धरलं. तुम्हाला खरंच जायचं होतं.”

मी तोंडातलं पान दुसऱ्या गालात सरकवलं.

“आई,” वैजू म्हणाली, “मग रोटर निघालाच नव्हता?”

“निघाला होता की. मी काढला होता. आन् सुपारी फुटताना मीच परत बसवला.”

धैर्यशीलराव माझ्याकडं बघायला लागले. मी हिच्याकडं. खरं सांगतो, हे मला माहीत नव्हतं. दर खेपेला मी नवं कारण जुळवत होतो, ह्या खेपेला रोटर सुचला होता, इतकंच. मामाची तर मरेपर्यंत आणि माझी आजपर्यंत समजूत होती की मैनेला ऊन लागलं.

“तू कशाला?” मी विचारलं.

“तुमच्या आधी चौघं येऊन गेली होती,” ती म्हणाली. मला नाही, वैजूला सांगत होती. “येत्यात, बसत्यात. चाल म्हणत्यात, नाव सांग म्हणत्यात. समोरनं, बाजूनं, सगळं बघून घेत्यात. आन् आपली मान खाली. मला चौघांचं नुसतं पाय दिसलं. हे आलं तवा ह्यांचं बी पायच दिसलं. टाचंला भेगा होत्या. आता पायावरनं काय कळणार माणसाचं? जन्म काढायचा म्हटल्यावर? मी पोहं ठेवून आत गेले ते मागच्या दारानं भाईर. आण्णांनी ते रोटरचं मला लहानपणीच शिकवलं होतं. काढला आन् वटीत खोचला. म्हटलं, त्यांनी मला बघितलं. आता मला बघू दे.”

“आणि बघितलंस?” वैजूनं विचारलं.

“सगळी सकाळ. न्हाणीच्या आडनं. मामा ह्यांना नको नको ते बोलत होतं. ह्यांनी मामांना उलट शब्द दिला न्हाई, गाडीला लाथ मारली न्हाई, शेळीला सुद्धा हाकललं न्हाई, उचलून खाली ठेवली. नळीतनं तेल सांडलं सड्यावर, तर कुणी सांगितलं न्हवतं तरी हातानं माती आणून टाकली.”

मला ती माती आठवत नव्हती. अजूनही आठवत नाही.

मी जरा खाकरलो. म्हटलं, आपली बाजू अगदीच पडायला नको. “पण हौसा, समज, मी तुला आवडलो नसतो, तर?”

तिनं सूप पुन्हा पुढं ओढलं, त्यातली टरफलं वेचून टाकली आणि एक शेंग उचलली.

“तर गाडी कवाच सुरू झाली असती,” ती म्हणाली.